पाव तोळा मीठ

परळ, मुंबई
२४ नोव्हेंबर १९५८

प्रिय हारून,

आवडीबद्दल कळवलंस ते फार बरं केलंस. बाबांच्या पत्रात 'इकडील सर्व खुशाल' यापलीकडे कधी काही नसतं. माझी सतरा वर्षांची धाकटी बहीण घरची चढण चढताना दोनदा खाली बसते, तिचे डोळे पिवळट दिसतात, डाव्या बरगडीखाली सुजलेली पानथरी, म्हणजे प्लीहा, हाताला लागते, हे मला महाडच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून कळावं, यावरून आमचं घर ओळख. तो कंपाउंडर शाळेत सात वर्षं माझ्याच बाकावर बसला होता, हे आमचं नशीब.

तुमच्या डॉक्टरांना हिवताप वाटतो. असेलही. निम्म्या पोलादपूर तालुक्याची पानथरी वाढलेली आहे. पण मी दोन वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत रक्ताशिवाय दुसरं काही बघितलेलं नाही, त्यामुळे मनात पाल चुकचुकली. रक्त म्हणजे नुसतं लाल पाणी नव्हे. पाणी पिवळसरच असतं, आणि त्यात लाल रंगाच्या अगदी बारीक चकत्या तरंगत असतात. त्यांना पेशी म्हणतात. प्रत्येक पेशीला कातडी असते आणि लाल रंग तिच्या आत असतो. कुठलं रसायन किती घातलं की ही कातडी टिकत नाही, हे आमचे सर तपासतात. स्पिरिट, युरिया, अशा दहा वस्तू. मी नळ्या भरतो, सर वहीत लिहितात. काही माणसांच्या पेशी जन्मतःच कच्च्या असतात. त्या पानथरीत अडकून फुटत राहतात आणि माणूस पिवळा पडतो. त्यावर गोळी चालत नाही, पोट उघडून पानथरीच काढावी लागते.

तेव्हा एक काम कर. सईदच्या लॉरीबरोबर एक पुडी पाठवतो आहे. त्यात पाव तोळा मीठ आहे. ते आधी छोट्या ग्लासात दोन चमचे पाण्यात विरघळव, मग बारा औंसाच्या बाटलीत ओतून उकळून गार केलेल्या पाण्याने बाटली भर. त्यातलं थोडं पाणी लहान बाटलीत घे आणि आवडीच्या बोटाचे दहा थेंब त्यात सोड. एवढ्या मिठाच्या पाण्यात चांगल्या पेशी अखंड राहतात. कृपा करून घरचं खडे मीठ वापरू नकोस. त्यात माती काय, चुना काय, वाटेल ते असतं. हे प्रयोगशाळेतलं शुद्ध मीठ आहे.

खाली सईद भोंगा वाजवतो आहे. आटोपतो.

तुझा
महिपती


महाड, जि. कुलाबा
२८ नोव्हेंबर १९५८

महिपती यास हारूनचा सलाम,

तुझं शुद्ध मीठ पोचलं. पोलादपूरपर्यंत एस.टी.ने आणि पुढे पायी, असा मी काल कापड्याला तुमच्या घरी जाऊन आलो. झोडणी चालू होती. कोंडाजीकाका खळ्यावर होते. 'ये' म्हणाले आणि पुन्हा झोडायला लागले. तुझे वडील एका दिवसात बोलतात त्याहून जास्त आमची बकरी बोलते.

राहीकाकूंनी मात्र मला फैलावर घेतलं. म्हणाल्या, "पोरीच्या अंगात आधीच रगत नाय, नि तू आनखी काडतोस रे? डाक्टर देतो का घेतो?" मी म्हटलं, काकू, दहाच थेंब. तर म्हणाल्या, "ता म्हमईला कोन बगनार?" तुमचा महिपती बघणार म्हटल्यावर त्यांनी स्वतःच आवडीला हाक मारली. आवडीने बोट पुढे केलं आणि सुई टोचताना माझ्याकडे न बघता खळ्यावरच्या कोंबड्या हाकलत राहिली. पोर तुझ्यापेक्षा धीराची आहे. तुला शाळेत देवीची लस टोचली तेव्हा आमच्या मोहल्ल्यापर्यंत ऐकू आलं होतं.

तू लिहिलंस तसंच सगळं केलं. काचेचा ग्लास, दोन चमचे पाणी, त्यात पुडी. ढवळताना ग्लास असा गार पडला की बाहेरून दंव धरलं. आवडीने हात लावला आणि म्हणाली, "दादाच्या म्हमईचा मीठ लय थंड हाय." मुंबईच्या मालाची तऱ्हाच न्यारी. मग बाटली भरली, थेंब सोडले, बूच लावलं. उरलेलं पाणी मोठ्या बाटलीत तसंच ठेवलं आहे. टाकून द्यायला मन झालं नाही.

निघताना राहीकाकूंनी मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आवडीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. रक्त घराबाहेर चाललं म्हणून दृष्ट काढली. मग त्याच हाताने मला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. लहान बाटली सईदकडे दिली आहे, चिंधीत गुंडाळून, त्याच्या सीटखाली.

हारून


परळ, मुंबई
१ डिसेंबर १९५८

प्रिय हारून,

हे पत्र एकटा असताना वाच.

बाटली शनिवारी हातात आली. चांगल्या रक्ताचं मिठाच्या पाण्यातलं रूप मी रोज बघतो. ते गढूळ असतं, आणि रात्रभर ठेवलं की पेशी तळाशी बसतात, वर पाणी स्वच्छ राहतं. आवडीच्या बाटलीच्या तळाशी काही नव्हतं. सगळं पाणी सरबतासारखं लाल आणि आरपार. बाटलीमागे वर्तमानपत्र धरलं तर अक्षरं वाचता आली. एकही पेशी शिल्लक नाही. ज्या पाण्यात लहान मुलाच्या पेशीदेखील तीन-तीन दिवस टिकतात, त्यात माझ्या बहिणीच्या पेशी फुटून गेल्या.

सरांना दाखवलं. त्यांनीही बाटलीमागे वर्तमानपत्र धरून बघितलं. मग म्हणाले, पोरीला घेऊन या, उशीर नको. त्यांनी ओळखीच्या सर्जनना सांगून खाट मिळवली आहे. १७ तारखेला पानथरी काढायची. जोखीम आहे. इतक्या अशक्त पोरीला भूल देणं हीच जोखीम. पण न काढली तर वर्षभराचीही खात्री नाही.

आईला यातलं काही सांगू नकोस. बाबांना एवढंच सांग की मुंबईला नीट तपासायचं आहे, १५ तारखेच्या आत आवडीला घेऊन निघा. ते तुझं ऐकतील. मी काल दिवसभर नळ्या धुतल्या, एकच नळी चार-चार वेळा. मला फार भीती वाटते रे.

महिपती


महाड
५ डिसेंबर १९५८

प्रिय महिपती,

परवा कापड्याला गेलो. राहीकाकूंना काही बोललो नाही, काकांना खळ्यामागे नेऊन सांगितलं. तुझ्या सांगण्याप्रमाणे अर्धंच सांगणार होतो, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "पोट फाडनार का?" खोटं बोलता आलं नाही. ते पेंढ्यावर बसले. मग म्हणाले, "महिपतीन बगितलाय ना? मग खरा आसल." येतो म्हणाले. दुभती म्हैस शेजारी हैबतीच्या गोठ्यात नेऊन बांधणार आहेत.

आता माझं ऐक, आणि चिडू नकोस. मी उतरत होतो तेव्हा आवडी गवताचा भारा डोक्यावर घेऊन वर येत होती. वाटेत एकदा बसली, हे खरं. पण बसून मलाच विचारलं, "हारूनदादा, म्हमईला समुद्र दाखवशील?" जिच्या रक्तात एक पेशी धड नाही, ती पोर भारा उचलते कशी? दहा थेंबांतली एकही पेशी एका रात्रीत टिकत नसेल, तर ती आजवर जगली कशी? मी मॅट्रिक नापास आहे. तू सांग. लॉरीच्या हादऱ्यांनी फुटतात का रे? वरंध घाटातून जात नाही सईद, पण वडखळपर्यंतचा रस्ता तुला माहीत आहे.

हारून


परळ
८ डिसेंबर १९५८

हारून,

हादऱ्यांनी फुटत नाहीत. आमच्याकडे यंत्रात गरगर फिरवतात, तरी फुटत नाहीत.

फुटतात त्या बाटलीत काही राहिलं तर. मला आता विचारावंसं वाटतं, तू बाटली कशाने धुतली होतीस? दवाखान्यात सगळ्याला स्पिरिट लावायची तुमची सवय. स्पिरिटचे चार थेंब तळाशी राहिले तरी पेशींची कातडी विरते. तसं झालं असेल तर मोकळेपणी सांग. नसेल, तर कृपा करून बाबांच्या मनात शंका घालू नकोस. भारा उचलते म्हणून माणूस निरोगी ठरत नाही. मी हेच काम करतो, तू पुड्या बांधतोस. १५ तारीख चुकली तर खाट दुसऱ्याला जाईल.

महिपती


महाड
११ डिसेंबर १९५८

श्री. महिपती कोंडाजी यांस,

मी पुड्या बांधतो. बरोबर. पण पुडीत काय आहे ते बांधण्याआधी बघतो.

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. वाचून इतका राग आला की दवाखान्यातल्या एका म्हाताऱ्याला खोकल्याच्या औषधाऐवजी 'जा घरी' म्हणून सांगितलं. मग त्याला परत बोलावून औषध दिलं. बाटली मी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पालथी घातली होती. स्पिरिट तिच्या वाऱ्यालाही उभं राहिलेलं नव्हतं. पण तू विचारलंस, तेव्हा मीही स्वतःला विचारलं. बाटलीत खोट नाही, लॉरीत नाही. मग उरलं काय? पोरीचं रक्त आणि तुझं पाणी. पोरीच्या रक्ताला तुम्ही दोषी ठरवलंत. पाण्याला कोणी विचारलंच नाही.

ते पाणी माझ्याकडे मोठ्या बाटलीत होतंच. लहान बाटलीत थोडं घेतलं आणि स्वतःच्या बोटाला सुई टोचली. दहा थेंब. डोळ्यांदेखत पाणी सरबत झालं. मागे औषधाचं कॅलेंडर धरलं, तारीख वाचता आली. म्हटलं, हारून, तुझीही पानथरी गेली. मग सईदला धरून आणला. तो अडीच-अडीच मणांची पोती पाठीवर घेतो, आजवर डोकंही दुखलेलं नाही. त्याचंही सरबत. मग त्या म्हाताऱ्याचं, तो अजून बाहेरच बसला होता. त्याचंही तेच. आता सगळ्या महाडच्या पानथऱ्या काढायला तुमचे सर्जन पुरतील का, एवढंच विचारायचं होतं.

मग मला राहीकाकूंची ती मूठ आठवली. आज पहाटेच्या गाडीने कापड्याला गेलो आणि म्हटलं, काकू, मीठ द्या. त्या म्हणाल्या, "कुनाला दृष्ट लागली?" मी म्हटलं, तुमच्या मुलाला. त्यांच्या मडक्यातलं खडे मीठ, तुझ्या माती-चुन्याचं, पाट्यावर वाटलं, दवाखान्याचा छोटा काटा बरोबर नेला होता त्यावर पाव तोळा तोललं, विरघळवून फडक्यातून गाळलं. तसंच पाणी, तसेच आवडीचे दहा थेंब. दुसऱ्या बाटलीत माझे दहा. ग्लास गार पडला नाही. दोन्ही बाटल्या गढूळ झाल्या. आता संध्याकाळ होत आली, लाल चुरा दोन्हींच्या तळाशी बसतो आहे, आणि मला तरी दोन्ही सारख्याच दिसतात.

पण मी पुड्या बांधणारा. म्हणून तीन बाटल्या पाठवतो आहे: आवडी आणि काकूंचं मीठ, मी आणि काकूंचं मीठ, मी आणि तुझं मीठ. प्रत्येकीवर चिठ्ठी आहे. चौथ्या बाटलीत तुझं उरलेलं पाणी आहे, ते तू तपास. सईद खाली थांबेल, तू बघून सांगेपर्यंत लॉरी हलवणार नाही, त्याला तसं बजावलंय. काकांना मी १४ तारखेपर्यंत थांबवून धरलंय. तुझ्या घरचं मीठ खाल्लंय, त्याला जागतोय. बाकी तुझ्याशी मी बोलत नाही.

हारून


परळ
१३ डिसेंबर १९५८, सकाळ

हारून,

तारेत 'ऑपरेशन रद्द, आवडी ठीक' एवढंच लिहिलं. ती तार तुला या पत्राआधी मिळेल. बाकीचं इथे लिहितो, आणि तू बोलत नसलास तरी वाच.

चौथ्या बाटलीतलं पाणी मी जिभेवर ठेवलं. खारट नव्हतं. अजिबात नव्हतं. थोडं आटवलं तर तळाशी पांढऱ्या सुया जमल्या. तो युरिया होता. मी तुला मीठ पाठवलंच नव्हतं.

कसं झालं ते सांगतो. नोव्हेंबरात मिठाची बरणी रिकामी झाली होती. मला युरियाच्या नळ्या भरायच्या होत्या, म्हणून नवा युरिया मीच त्या बरणीत ओतला आणि चिठ्ठी बदलायची राहिली. सईद भोंगा वाजवत होता तेव्हा बाहेर लिहिलेलं 'मीठ' वाचून पुडी बांधली. दोन्ही पांढरंच. युरिया पेशीच्या कातडीतून सरळ आत शिरतो, त्याच्या मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगते आणि फुटते. आवडीचीच नव्हे, कुणाचीही. हेच मी दोन वर्षं नळ्यांत बघतो आहे. आणि युरिया पाण्यात विरघळताना पाणी गार पडतं, हेही मला रोज हाताला लागतं. तुझं २८ तारखेचं पत्र काढून पुन्हा वाचलं. 'ग्लास असा गार पडला की बाहेरून दंव धरलं.' आवडीने हात लावून सांगितलं होतं. ते मी हसून पुढे वाचलं. त्या एका ओळीवर थांबलो असतो तर पंधरा दिवस वाचले असते. आणि तू तुझ्या पद्धतीने तपासलं नसतंस तर १७ तारखेला मी माझ्या बहिणीचं पोट फाडायला लावलं असतं, निरोगी पेशींसाठी.

सरांकडे गेलो, सगळं सांगितलं. वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी आधी तुझ्या तीन बाटल्या उजेडात धरल्या. मग स्वतः बसून आवडीच्या पेशी कमी-कमी मिठाच्या पाण्यात घालून पाहिल्या. जिथे तुझ्या फुटल्या तिथेच तिच्या फुटल्या, एक नळी मागे ना पुढे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर पेशी फिकट आहेत आणि एक-दोनांत हिवतापाचे किडे सापडले. म्हणजे तुमचे डॉक्टर पहिल्याच दिवशी बरोबर होते. हिवतापाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, आणि अनवाणी चिखलात वावरणाऱ्या सगळ्यांना लागतं ते जंताचं औषध. बस्स. सर मला एवढंच म्हणाले, "सगळ्या बरण्यांच्या चिठ्ठ्या आज तू स्वतःच्या हाताने लिही." मग विचारलं, "हा हारून कोण?" मी म्हटलं, कंपाउंडर आहे. ते म्हणाले, "त्याने आधी स्वतःचं रक्त घातलं. आपल्याला हे का सुचलं नाही?"

मी खाली उतरून सईदला सांगितलं. तो म्हणाला, "मग आता माझी पानथरी राहिली ना?" आणि मी लॉरीच्या फळीला टेकून रडलो. रस्त्यात, दिवसाढवळ्या. त्याने मला चहा पाजला. कितीतरी दिवसांनी चहाची चव लागली.

'तू पुड्या बांधतोस' हे माझं वाक्य मला पाठ झालं आहे. माझ्यावर रागव, पण फार दिवस नको.

तुझा
महिपती


महाड
१७ डिसेंबर १९५८

महिपती यास सलाम,

तार घेऊन मी तडक कापड्याला गेलो होतो. काका म्हैस सोडायला निघाले होते, तीच गोठ्यात परत बांधली. मग ओट्यावर बसून त्यांनी मला एकूण सहा वाक्यं सांगितली. मी मोजली. त्यांतलं शेवटचं असं, "तुझा नि महिपतीचा भांडान हाय का?" मी नाही म्हटलं. आता नाही म्हटलंय तर नाही.

राहीकाकूंना सगळं सांगितलं, त्यांच्या मिठासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग! मीठ म्हंजे मीठ." मग मुलगी वाचली म्हणून पदर डोळ्यांना लावला, आणि लगेच आवडीला ओरडल्या की औषधाची वेळ झाली.

आज १७ तारीख. सकाळपासून मला सारखं वाटत होतं, आत्ता तिला टेबलावर घेतली असती. दुपारी दवाखाना लवकर बंद केला आणि सावित्रीच्या काठी उगीच बसून राहिलो. फार बरं वाटलं.

हारून


कापडे, ता. पोलादपूर
२२ फेब्रुवारी १९५९

ती. दादास आवडीचा नमस्कार.

मी चौथी शिकलेली, तर चुकला माकला समजून घे. गोळ्या संपल्या. हारूनदादा मोजून बगतो, एक पन चुकवू देत नाय. जंताचा औषद लय वंगाळ होता, पन घेतला. आता वरच्या वाडीपर्यंत न बसता जाते. काल गेली तवा बाबा मागून येत व्हते, तेच बसले. मी म्हटला, बाबा, तुमचा रगत तपासायचा का? तर हसले. बाबा हसले, ता तुला कळवायचा म्हनून पत्र लिवते.

आयेला आता गावातल्या बाया इचारतात, तुजा मीठ म्हमईच्या डाक्टरान पास केला म्हने. आये म्हनते, व्हय. मला वाटता ती आता मीठ जरा जास्तच टाकते.

समुद्र बगायला शिमग्यानंतर येनार हाय, बाबांसंगती. सईदचाचा लॉरीतून आननार. पोट फाडायला नाय, समुद्र बगायला, ता तुझ्या सायबास्नी सांग.

संगती एक पुडी धाडली हाय. आयेच्या मडक्यातला मीठ हाय, पाव तोळा नाय, पायलीभर हाय. तुझ्या बरनीत भर. आयेन सांगितला हाय, भरल्यावर चिठ्ठी लाव. आनी चिठ्ठी लावायच्या आदी जिबेवर ठेवून बग.

तुझी
आवडी